घाटातली बारी आणि सर्चचा आलेख

पुण्याजवळच्या भोसरी, मोशी, चाकणच्या पट्ट्यात लोकांना कशाचं वेड आहे, हे सांगायला हल्ली गुगल ट्रेंड्सचा आलेख पुढे केला जातो. बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवली, तर इतिहासाऐवजी कोर्टाची डायरी हाती येईल. 2011 मध्ये केंद्राने प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. अशा तारखांना शोध वाढले, तरी त्यात गाडामालक किती आणि वकील, प्राणिमित्र, बातमीदार किती, हे आलेखावरून कळायला मार्ग नाही. चार बैल, दोन जुकाटाला नि दोन धुरेला, पुढे घोडी, आणि चढाचा घाट किती सेकंदांत सर केला याचा हिशेब: हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याला निमगावच्या खंडोबाच्या घाटात आपली बारी, म्हणजे धावायची पाळी, कधी, हे सर्च करावं लागत नाही. ते जत्रा कमिटीकडून, भावकीतून, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर समजतं.

शिवाय आलेखावरचा आकडा शोधांची संख्या नव्हे, तो वाटा आहे. त्या भागातल्या एकूण शोधांत त्या शब्दाचं प्रमाण किती, हे काढून सगळ्यात वरच्या टोकाला 100 धरतात. जिथे माणसं सतत येऊन वसतात, तिथे हा हिशेब फसतो. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये 10 लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. या वाढीत विदर्भ-मराठवाड्यातले, बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार आले. मोशीला इंद्रायणीच्या काठावर छठपूजा होऊ लागली. जुन्या गावठाणातला एकही शौकीन कमी न होता शर्यतीचा वाटा घसरू शकतो. त्यात शोधताना कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमनमध्ये, कुणी फक्त गाड्याचं नाव टाकतो.

यावर कुणी म्हणेल, आलेख सोडला तर उरतात त्या जत्रेच्या वर्गणीच्या पावत्या आणि वर्तमानपत्रं तरी कुठे निर्मळ? पावतीत मोठेपणा असतो, बातमीत पुढारी असतो. सर्च करणारा निदान कुणाला खूश करायला सर्च करत नाही. हे खरं आहे. घाटाबाहेरच्या जगाचं लक्ष नेमकं कधी वळलं, यासाठी आलेखाइतकं चांगलं साधन नाही. मात्र लक्ष वळणं आणि आवड असणं यांतली गल्लत महागात पडते. 2008 मध्ये सुरू झालेल्या, शोधांवरून फ्लूची साथ मोजणाऱ्या गुगल फ्लू ट्रेंड्सने 2012-13 च्या हंगामात अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट दिला होता. फ्लूच्या बातम्या वाचून निरोगी माणसंही शोध घेत होती, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. मे 2022 मध्ये चिखली-जाधववाडीच्या शर्यतीत बक्षिसाला जेसीबी होता. त्या आठवड्यात 'जेसीबी' शोधणाऱ्याला शर्यतीचा शौकीन म्हणायचं की ठेकेदार?

बंदीच्या काळातली आवड मोजायची, तर गोठ्याकडे वळावं लागतं. शर्यत नाही म्हणून काहींनी बैल विकले. काहींनी धावायची आशा नसताना वर्षानुवर्षं पेंड, दूध, अंडी असा खुराक चालू ठेवला. हा खर्च कुणाच्या सर्चमध्ये उमटत नाही. तो उमटतो पेंडीच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत, आणि त्या वह्या अजून कुणी इतिहासाचं साधन म्हणून उघडलेल्या नाहीत.