चिमणी उरली, गिरणी गेली

नाशिक रोडच्या माणसाला मुंबई परकी वाटत नाही. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलं की अकराच्या आत दादर येतं. लहानपणी अब्बांबरोबर मदनपुऱ्यातल्या नातेवाइकांकडे जायचो. दादर सुटलं की अब्बा आम्हा भावंडांना खिडकीतून गिरण्यांच्या चिमण्या मोजायला लावायचे. आजोबा अशाच एका गिरणीत मागावर होते. अलीकडे त्याच गाडीने गेलो, तेव्हा मोजण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या काळात कोकण-घाटावरचे शेतकरी गिरणगावात आले, तसेच आझमगढ, बनारसकडचे मोमीन विणकरही आले. इंग्लंडच्या स्वस्त कापडाने त्यांचा हातमाग बसला होता. १८५७ नंतरच्या धामधुमीत अनेकांनी गाव सोडलं. कुणी मालेगाव-भिवंडीत थांबले, कुणी मदनपुऱ्यात वसले आणि गिरणीच्या विणखात्यात लागले.

हे विणखातं सगळ्यांसाठी खुलं नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना तिथे मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणीच्या एका खोलीत या देशातली जात, धर्म आणि मजुरी अशी एकत्र वाचता येत होती. ती खोली जपायला हवी होती, ती यासाठी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. यंत्रं भंगारात निघाली आणि जमिनीचा भाव वाढत गेला. गिरणगावात एकूण सुमारे ६०० एकर जमीन होती.

या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याचा गाभा सोपा होता: गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मात्र जुनं बांधकाम कायम ठेवून त्याचा वापर बदलला, तर वाटणी टळत होती. त्यामुळे काही शेडमध्ये कार्यालयं आणि दुकानं आली. कामगारांच्या करमणुकीच्या नावाने बोलिंगचा खेळ सुरू करण्याची परवानगी मिळाल्याचंही याच शहराने पाहिलं. भिंती वाचल्या, पण आतल्या कामाचा मागमूस राहिला नाही.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारत पाडून जी जागा रिकामी होईल, ती मालकाकडेच. कामगाराच्या भाषेत सांगायचं तर पाडण्यालाच बक्षीस लागलं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मुंबईत वारसा-इमारतींची नियमावली १९९५ पासूनच होती. पण वारशाचा नियम इमारतीकडे पाहत होता आणि जमिनीचा नियम चौरस फुटांकडे. दोघांची गाठ पडली, तिथे बहुतेक वेळा चौरस फूटच जिंकले.

अलास्कातल्या केनिकॉट गावात तांब्याचं खनिज दळून वेगळं करणारी चौदा मजली लाकडी गिरणी आहे. १९३८ मध्ये खाण बंद पडली, माणसं निघून गेली, गिरणी मात्र उभीच राहिली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ती जागा विकत घेतली आणि आज लोक ती बघायला जातात. बर्फाळ डोंगरातल्या त्या जमिनीवर कुणाचा डोळा नव्हता, हे तिचं नशीब. परळच्या जमिनीला ते नशीब नव्हतं. म्हणून तिथे नियमच मजबूत हवा होता.

आज लोअर परळच्या मॉलमध्ये एक चिमणी जपून ठेवली आहे. काळाचौकीत इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आली, हे चांगलंच आहे. पण घरासाठी अर्ज केलेल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांपैकी आणि वारसांपैकी फार थोड्यांना चावी मिळाली. चिमणी जपायची आणि तिच्याखाली राबलेल्याच्या नातवाला शहराबाहेर ठेवायचं, याला मी वारसा म्हणू शकत नाही.

हे सगळं नाशिक रोडला बसून लिहितोय, त्याला कारण आहे. आमच्या इथला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ चा. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२८ पासून इथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. या छापखान्यांच्या आधाराने आमचं गाव वाढलं आणि सगळ्या जातीधर्मांच्या घरांत इथला पगार आला. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. प्रेसने ती नुकतीच ओलांडली.

प्रेस चालू आहे आणि चालूच राहो. पण जुन्या इमारतींची, यंत्रांची, कामगारांच्या आठवणींची नोंद चालू कारखान्यातच करायची असते. गिरणगावात ती जमिनीचा भाव फुटल्यावर सुरू झाली. अब्बा चिमण्या मोजायला लावायचे, तेव्हा आम्हाला तो खेळ वाटायचा. ती नोंदच होती; आम्ही लिहून ठेवली नाही, एवढंच.