625 ठिपक्यांत वाचता येतं का?

आधी एक छोटा प्रयोग. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि डोळे न हलवता चार-पाच ओळी खालचं वाचून बघा. नाही जमत ना? हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1968 साली इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉलपोल लेविन यांनी एका अंध बाईंच्या मेंदूवर, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात, 80 इलेक्ट्रोड बसवल्याचं प्रसिद्ध केलं. करंट दिला की बाईंना प्रकाशाचे ठिपके दिसायचे. म्हणजे डोळा बंद पडला तरी काहीतरी दिसू शकत होतं. पण वाचायला असे ठिपके लागणार किती?

हे शोधायला कुणाचं डोकं उघडायची गरज नव्हती. आम्ही इंजिनिअर करतो तेच: हार्डवेअरआधी सिम्युलेशन. 1992 मध्ये युटा विद्यापीठात चा, हॉर्च आणि नॉर्मन यांनी डोळस माणसांना 25 बाय 25, म्हणजे फक्त 625 ठिपक्यांतून मजकूर दाखवला. सरकता मजकूर त्यांनी मिनिटाला जवळपास 170 शब्दांच्या वेगाने वाचला! तुमच्या फोनवर वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात.

मग अडलं कुठे? हे सगळं नजरेच्या ऐन मध्यावर चाललं होतं. रेटिनावरची चिप नेमकी तिथेच बसेल, याची खात्री नव्हती. म्हणून जिनिव्हात सॉमरहाल्डर आणि सहकाऱ्यांनी ठिपक्यांची खिडकी मध्यापासून 15 अंश खाली नेली. डोळा हलला की खिडकीही हलायची, त्यामुळे चीटिंग बंद. आपला मघाचा प्रयोग आठवा!

2003 च्या पेपरमध्ये दोन जणांची गोष्ट आहे. चार अक्षरी शब्द ओळखताना सुरुवातीला एकाचे 6 टक्के बरोबर, दुसऱ्याचे 23. रोज साधारण तासभर सराव, आठवडेच्या आठवडे. शेवटी 64 आणि 85 टक्के. 2004 मध्ये पूर्ण पानाचा मजकूर दिला, तेव्हा मिनिटाला 1 ते 5 शब्दांवरून गाडी 14 ते 28 वर गेली. ठिपके तेवढेच होते, बदलला तो मेंदू.

2025 मध्ये 'प्रिमा' चिपचे निकाल आले: रुंदी 2 मिलिमीटर, पिक्सेल 378. वर्षभरानंतर तपासलेल्या 32 पेशंटपैकी 26 जणांना चार्टवरची अक्षरं आधीपेक्षा बरीच जास्त वाचता आली. त्यांनाही महिनोन्महिने सराव करावा लागलाच.

हे मी का वाचत बसलो? माझ्या आजीच्या नजरेचा मधला भाग गेलाय. पेपर वाचताना ती मान तिरकी करते. मी म्हणायचो, "आजी, नीट सरळ बघ ना!" आता कळतंय, ती सरळच बघत होती, उरलेल्या कडेने. कुणी न शिकवता ती तोच सराव करत होती. हल्ली रोज संध्याकाळी फोनवर फाँट मोठा करून तिच्यासमोर धरतो. काल तिने अख्खी हेडलाइन वाचली. मी मध्ये बोललो नाही.