कुंपणाबाहेरची वही : शांत विमानतळ, विमानवेडे आणि एक साधा प्रश्न

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल की, विमानांचे फोटो काढणं हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तेव्हा सुरुवात आमच्याच एका फजितीने करू.

मागे एकदा आम्ही तिघं एका लहानशा विमानतळाच्या कुंपणालगत, रस्त्याच्या कडेला उभे होतो. दिवसाला एक विमान यायचं आणि तेच परत जायचं, असा तो विमानतळ. बाकी वेळ धावपट्टीवर टिटव्या. आमच्याकडे एक कॅमेरा, एक दुर्बीण आणि एक वही. रखवालदार आले. आवाज चढवला नाही, नीट विचारलं, "काय काढताय?" आम्ही म्हटलं, "विमानाचा फोटो." ते म्हणाले, "ते दिसतंय हो. पण कशासाठी?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. "आवड आहे," एवढंच तोंडातून निघालं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते अपुरं वाटलं. कॅमेरा पिशवीत टाकून आम्ही परतलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या "कशासाठी?"चं उशिरा सुचलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी ही मंडळी नेमकं करतात काय, ते पाहू. इंग्रजीत याला प्लेन स्पॉटिंग म्हणतात. विमान आलं की त्याचा प्रकार ओळखायचा आणि अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक टिपायचा. मोटारीला नंबरप्लेट असते तसाच हा क्रमांक. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात. अमेरिकेचं एन, ब्रिटनचं जी, भारताचं व्हीटी. व्हीटी म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ही दंतकथा आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ संकेतांची वाटणी झाली तेव्हा व्ही या अक्षराने सुरू होणारे बरेचसे संकेत ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांकडे गेले. ऑस्ट्रेलियाचं व्हीएच त्याच कुळातलं. विमान विकलं जातं, रंग बदलतो, कंपनी बुडते. पण तारीख, ठिकाण आणि क्रमांक यांची नोंद असेल, तर त्या दिवशी ते यंत्र कुठे होतं हे पन्नास वर्षांनीही सांगता येतं. या छंदाचा सगळा जीव या तीन गोष्टींत आहे.

आता गंमत पाहा. हीच नोंद एका काळात कर्तव्य होती. ब्रिटनमध्ये १९२५ साली ऑब्झर्व्हर कोअर नावाचं दल उभं राहिलं. साधे नागरिक टेकडीवर, शेतात ठाण मांडून आकाशाकडे बघत आणि दिसलेल्या विमानांची खबर टेलिफोनने कळवत. १९४०च्या हवाई लढाईत रडारची नजर मुख्यतः समुद्राकडे होती. शत्रूची विमानं किनारा ओलांडून आत आली की त्यांचा माग या डोळ्यांनीच काढायचा होता. १९४१ साली या दलाला 'रॉयल' हा किताब मिळाला.

दुसरी अडचण कारखान्यांची होती. भोंगा वाजला की सगळे तळघरात, आणि काम ठप्प. म्हणून गच्चीवर माणूस बसवायचा, आणि विमान खरोखर डोक्यावर येतंय असं त्याने सांगितलं तरच यंत्रं थांबवायची, अशी पद्धत पडली. त्या माणसाला म्हणत स्पॉटर. त्याला विमानं ओळखायला शिकवण्यासाठी १९४१च्या जानेवारीत 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिकच सुरू झालं. म्हणजे ज्या शब्दाला आज आपण हसतो, तो शब्द युद्धातल्या पहाऱ्यातून रुळला.

युद्ध संपलं. डोळ्यांची सवय काही सुटली नाही. १९५०च्या दशकात लंडनच्या हीथ्रो विमानतळाने इमारतीच्या गच्चीवर लोकांना विमानं बघायला जागा करून दिली. पोरं डबा घेऊन दिवसभर तिथे बसत. कर्तव्याचा छंद झाला.

आणि मग याच छंदाचा गुन्हा झाला. ती गोष्ट ग्रीसमधल्या कालामाता इथली.

कालामाता हे दक्षिण ग्रीसमधलं समुद्रकाठचं शहर, ऑलिव्हसाठी जगभर माहीत असलेलं. तिथला विमानतळ शांत. उन्हाळ्यात पर्यटकांची विमानं, एरवी फारसं काही नाही. मात्र त्याच धावपट्टीवर ग्रीक हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्रही आहे. नोव्हेंबर २००१मध्ये तिथल्या हवाई तळावर लोकांसाठी खुला दिवस होता. तो बघायला बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानवेडे गेले होते. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला जेमतेम दोन महिने झालेले. पोलिसांना त्यांच्याजवळ क्रमांकांनी भरलेल्या वह्या सापडल्या. चौदाही जणांना अटक झाली. आरोप हेरगिरीचा.

पाच आठवड्यांच्या आसपास ते तुरुंगात होते. पुढे जामीन मिळाला. एप्रिल २००२मध्ये निकाल लागला. आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा, सहा जणांना त्यांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची, तीही स्थगित. सगळ्यांनी अपील केलं आणि नोव्हेंबर २००२मध्ये अपिलात सगळेच्या सगळे निर्दोष सुटले. अटकेपासून सुटकेपर्यंत एक वर्ष गेलं.

इथे ग्रीकांना हसणं सोपं आहे. आम्ही हसणार नाही. ज्या समाजात असा छंदच नाही, तिथल्या पोलिसाने क्रमांकांनी भरलेली वही बघून काय समजावं? ऑब्झर्व्हर कोअरचा वारसा ब्रिटनचा, ग्रीसचा नव्हे. शिवाय लष्करी तळाबद्दलची काळजी खोटी नसते. हेरही पाहतात आणि लिहितात. पाहणं तेच, लिहिणं तेच. फरक आहे तो पुढे ती वही कुणाच्या हाती जाते यात, आणि तो फरक कुंपणापाशी उभं राहून दिसत नाही.

मोठ्या विमानतळावर हजारो माणसांत एक कॅमेरा खपून जातो. शांत विमानतळावर कुंपणापाशी उभा असलेला एकटा माणूस मैलावरून नजरेत भरतो. आणि नेमक्या अशाच ठिकाणी दुसरं कुणीही पाहत नसतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आता एका विमानाच्या प्रवासातून पाहू.

विमान बोइंग ७३७. क्रमांक एन ३१३ पी. एन म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं.

जानेवारी २००४. स्पेनचं मायोर्का बेट. तिथला पाल्मा विमानतळ उन्हाळ्यात गजबजलेला असतो, ऐन हिवाळ्यात मात्र निवांत. एका स्थानिक हौशी माणसाने या विमानाचा फोटो काढला. त्याच्या दृष्टीने एक अनोळखी पाहुणं विमान, एवढंच. हेच विमान पाल्माहून मॅसेडोनियाच्या स्कोप्ये शहरात गेलं आणि तिथून खालेद अल-मसरी नावाच्या जर्मन नागरिकाला घेऊन अफगाणिस्तानला. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने त्याला दुसराच कुणी समजून उचललं होतं. काही महिने कोठडीत काढल्यावर त्याला अल्बेनियात एका रस्त्यावर सोडून दिलं. तो आपली कहाणी सांगत होता, पण बोलून चालून एका माणसाचा शब्द. पत्रकार आणि वकील पुरावे जुळवू लागले तेव्हा उड्डाणांच्या नोंदी आणि विमानवेड्यांचे असे फोटो यांनी त्या शब्दाला आधार दिला. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याची कहाणी खरी मानली, मॅसेडोनियाला जबाबदार धरलं आणि ६० हजार युरोंची भरपाई द्यायला सांगितलं.

आता त्याच विमानाची आधीची एक फेरी. सप्टेंबर २००३, पोलंडच्या ईशान्येकडचा शिमानी विमानतळ. जंगलातली धावपट्टी, तुरळक वाहतूक. काबूलहून निघालेलं हे विमान तिथे उतरलं आणि थोड्या वेळात पुढे गेलं. उड्डाणाच्या आराखड्यांत भलतीच ठिकाणं दाखवली होती. पोलंडमध्ये असं काही घडलंच नाही, असं तिथलं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं. त्यावर मात करायला विमानतळाच्या माजी व्यवस्थापकांचा जबाब आणि हवाई वाहतूक खात्याच्या जुन्या नोंदी असे तुकडे जोडावे लागले. पोलंडविरुद्धचा निकाल लागला जुलै २०१४मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी.

फोटोमुळे न्याय मिळाला, असं आम्ही म्हणत नाही. खटले वकील लढवतात, फोटो नाही. पण ज्या माणसाने तो काढला त्याला त्या दिवशी कुणी विचारलं असतं की "कशासाठी?", तर त्यानेही आमच्यासारखंच "आवड" म्हणून खांदे उडवले असते. नोंद करताना तिचा उपयोग माहीत नसतो. उपयोग आधी ठरवून केलेली नोंद म्हणजे फिर्याद. न ठरवता केलेली नोंद साक्षीदाराच्या कामी येते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे विमान नियम, १९३७ हे साम्राज्याच्या काळातले. त्यातला तेरावा नियम सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. २००४मध्ये नियमित विमानांतल्या प्रवाशांना सवलत मिळाली. पण लष्करी तळांची बंधनं कायम राहिली, आणि आपल्याकडे असे तळ पुष्कळ. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, गोव्याच्या दाबोळीची नौदलाची. म्हणजे कालामातासारखीच एका धावपट्टीवर दोन बिऱ्हाडं. फेब्रुवारी २०१०मध्ये दोन ब्रिटिश विमानवेडे दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानं टिपताना पकडले गेले. त्यांना घरी जायला एप्रिल उजाडला, तोही दंड भरून. लष्करी तळांवरच्या या बंधनांबद्दल आमची तक्रार नाही. तिथे कॅमेरा पिशवीतच असावा.

आमची चिंता वेगळ्या ठिकाणांची आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. विमान पस मॉथ, क्रमांक व्हीटी-एडीएन. जुहू तेव्हा इतकं साधं होतं की पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला न्यावा लागायचा. हे सगळं आज सांगता येतं, कारण टाटांचं घर मोठं, कागद जपले गेले. पुण्यात त्यांचं स्वतंत्र अभिलेखागार आहे.

पण डिसेंबर २०१७मध्ये उडान योजनेखाली मुंबई-जळगाव विमान सुरू झालं, ते कुणाच्या अभिलेखागारात आहे? एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट, आसनं जेमतेम १८. नाशिकच्या ओझरलाही तेच यायचं, पुढे कोल्हापूरलाही आलं. जळगावच्या कितीतरी माणसांनी आपल्या गावातून उडणारं विमान पहिल्यांदा पाहिलं ते हेच. एप्रिल २०२०मध्ये कंपनीने काम थांबवलं. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच्या जुहूबद्दल आपण क्रमांकासकट बोलतो, आणि काल-परवाच्या जळगावच्या विमानाचा क्रमांक सभागृहात कुणाला आठवत नाही. चूक कुणाचीच नाही. लहान विमानतळाचा इतिहास लिहिणं हे कुणाचं कामच नसतं.

ऑक्टोबर २०२१मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२५च्या एप्रिलमध्ये अमरावतीचा. पहिल्या दिवशी मंत्री असतात, फीत असते, शंभर कॅमेरे असतात. दुसऱ्या दिवसापासून एक विमान आणि टिटव्या. खरा इतिहास दुसऱ्या दिवसापासूनचा असतो. विमान किती दिवस आलं, कधी चुकायला लागलं, कधी यायचं बंद झालं, हे कोनशिलेवर कोरलेलं नसतं.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावाजवळ असा नागरी विमानतळ असेल, आणि प्रवासी म्हणून किंवा कुणाला सोडायला तुम्ही तिथे जात असाल, तर परवानगी आहे तिथेच फोटो काढा आणि नाही तिथे नुसती वही काढा. तारीख, वेळ, ठिकाण आणि शेपटीकडचा क्रमांक, एवढं एका ओळीत लिहा. फोटो मोबाइलमध्ये शेकड्यांनी पडलेले असतात, पण तारीख-ठिकाण नसलेला फोटो दहा वर्षांनी मुका होतो. अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. इमारतीत एखादी खिडकी, गच्चीचा एखादा कोपरा बघणाऱ्यांसाठी ठेवलात, तर तो माणूस कुंपणापाशी संशयित म्हणून उभा राहणार नाही, तुमच्या डोळ्यांसमोर बसेल.

आम्ही त्या लहान विमानतळावर पुन्हा गेलो होतो. या वेळी आधी रखवालदारांच्या चौकीत गेलो, वही त्यांच्यासमोर उघडली आणि काय लिहितो ते दाखवलं. त्यांनी पानं चाळली. एका तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "या दिवशी विमान आलं नव्हतं. धुकं होतं. परत गेलं वरच्या वर."

आमची नोंद चुकीची होती. आम्ही तिथेच दुरुस्त केली. त्या विमानतळाचा खरा नोंदकर्ता इतके दिवस कुंपणाच्या आतच होता, आम्हीच कधी त्यांना विचारलं नव्हतं.

इथेच थांबतो.