यवनाच्या बे पोढ्या

१९३० सालचा डिसेंबर. तुम्ही महाळुंगे पडवळात उभे आहात. गावचा पोरगा बाबू गेनू १२ तारखेला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, तो गेलाच. ज्याच्या त्याच्या तोंडी ‘इंग्रज’. हे नाव पोर्तुगिजांच्या बोलीतून आपल्याकडे आलं, याच्याशी आज इथे कुणाला देणंघेणं नाही.

उत्तरेची वाट धरा. मीना नदी ओलांडून जुन्नर गाठेपर्यंत सतरावं शतक लागलेलं असतं. इथे डच म्हणजे वलंदेज, पोर्तुगीज म्हणजे फिरंगी. फ्रँक नावाच्या टोळीचं नाव अरबी-फारसीतून फिरत फिरत भलत्याच लोकांना चिकटलं आहे. आणि ‘यवन’ म्हणाल, तर लोक मुसलमान समजतात.

आणखी मागे चला. सातवाहनांचा काळ. नाणेघाट चढून आलेले बैल धापा टाकताहेत. पाठीवर कल्याण-सोपाऱ्याचा माल. वर शिवनेरीच्या कड्यात छिन्नीचा ठणठणाट चालू आहे. पाथरवट ब्राह्मी अक्षरं कोरतो आहे. कुणीतरी वाचतं : यवन इरिलाचं दान, ‘बे पोढियो’. तुमचे कान टवकारतात. बे एके बे घोकलेल्या माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. याच डोंगरात यवन चिटाने बौद्ध भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला आहे, तर पलीकडे मानमोडीच्या डोंगरात यवन चंदाने गर्भद्वार.

यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. इराण्यांची गाठ आधी तिथल्या ग्रीकांशी पडली, म्हणून त्यांनी साऱ्याच ग्रीकांना ‘यौन’ करून टाकलं. अशोकाच्या लेखांत त्याचंच ‘योन’ झालं. फिनलंडचे लोक आजही जर्मन माणसाला ‘साक्सालाइनेन’ म्हणतात, ते सॅक्सन या एका टोळीवरून. आधी भेटेल त्याचं नाव सगळ्यांच्या माथी, ही रीत जगभरची.

पुढे याच ‘यवन’ शब्दात तुच्छता शिरली. जुन्नरच्या कातळात मात्र ती नाही. इथला यवन संघाला पाणी आणि जेवणघर देणारा दाता आहे, आणि आपलं यवनपण तो नावाआधी कोरून घेतो.

शिवनेरीला जाल तेव्हा शिवजन्मस्थान पाहून लगेच फिरू नका. वाटा जाणणारा माणूस सोबत घ्या आणि कड्यातली लेणीही पाहा.