वेब २.०

वापरकर्त्यांच्या सहभागावर उभ्या राहिलेल्या संकेतस्थळांची पिढी. ही संज्ञा डार्सी डीनूची यांनी १९९९ मध्ये योजली. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेनंतर ती रूढ झाली. आरंभीच्या वेबवर मोजके लोक लिहीत, बाकीचे वाचत. विकिपीडिया (२००१), फेसबुक (२००४) व यूट्यूब (२००५) यांनी वाचकाच्या हाती लेखणी आणि कॅमेरा दिला. एजॅक्स तंत्रामुळे पान पुन्हा न उघडता त्याचा हवा तेवढाच भाग बदलू लागला : गूगल मॅप्सवर नकाशा माउसने ओढला, की पुढचे चौकोनी तुकडे आपोआप येऊन जुळत. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर वाचक लेखातील चूक स्वतः दुरुस्त करू शकतो. प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदला जातो. ज्ञानव्यवहारातील हा लोकसहभाग ही वेब २.० ची मोलाची देणगी होय.