कुणाची गं तू?

चपला काढू नका, वाळू पोळतेय. कतारमधला, 1930 च्या आसपासचा दोहा आहे हा. सकाळचे जेमतेम सात वाजलेत, तरी सदरा पाठीला चिकटलाय. उंच इमारती शोधू नका. प्रवाळाच्या दगडांची, मातीने लिंपलेली बसकी घरं आणि मधे इतका अरुंद बोळ, की समोरून गाढव आलं तर भिंतीला टेकून अंग चोरावं लागेल. आलंच बघा एक, पाण्याच्या पखाली घेऊन. व्हा बाजूला!

किनाऱ्याकडून सुक्या मासळीचा आणि होड्यांना चोपडलेल्या मुशीच्या तेलाचा दर्प येतोय, उघड्या दारातून वेलदोड्याच्या कॉफीचा वास. धडधाकट पुरुष मोती काढायला समुद्रावर गेलेत, ते सप्टेंबरशिवाय परतायचे नाहीत. म्हणून कानावर पडतात ते बायकांचेच आवाज, आणि उखळात गहू कुटल्याची धपधप.

तुम्ही आलात पणजीच्या आईबापांच्या शोधात, असं धरून चालू. घरात तीन मतं आहेत. एक आत्या सांगते, तिला बलुचिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यावरून पळवून आणून विकलं. दुसरी म्हणते, ती इथेच गुलाम आईच्या पोटी जन्मली. तिसरी आवाज खाली आणून सांगते, ती धन्याचीच मुलगी.

ती बघा, विहिरीवर दोर ओढतेय. नाव विचारू नका; कागदांत भेटणाऱ्या तिच्यासारख्या अनेकजणींमधून मी तिला उभी केलीय. तिच्या मागोमाग अंगणात शिरा. मालकिणीच्या चेहऱ्यावर बतूला आहे, हिंदुस्थानातून आलेल्या निळीच्या कापडाचा मुखवटा. घामाने नीळ सुटून तिच्या नाकाच्या कडेला उतरलीय. कोपऱ्यात तांदळाची पोती, तीही हिंदुस्थानातलीच. मालकीण ठामपणे सांगते, ‘ही आमच्याच घरात जन्मली.’ पोरगी मान खाली घालून घडा उतरवते आणि काही बोलत नाही.

तिला बोलायचं आहे, पण इथे नाही. कारण कुणाची मुलगी, यावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. धन्याने आपली म्हणून मानली, तर शरियतप्रमाणे ती जन्मतःच स्वतंत्र. गुलाम आईची आणि बाप दुसराच कुणी, तर ती घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी मालमत्ता. आणि मोकळ्या आईबापांकडून पळवून आणलेली असेल, तर बहारीनच्या इंग्रज एजंटापुढे उभं राहायला तिच्याजवळ भक्कम कारण आहे. दोह्यात तसा अधिकारी नाहीच. म्हणून चला, होडीत बसा.

नाखवा शीड चढवतो. तळाशी साचलेलं पाणी कुबट वास मारतं, बकऱ्या पायावर पाय देतात, प्यायचं पाणी मचूळ. ती शिडाच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन बसलीय. ओकारी आली तर वाऱ्याच्या बाजूला तोंड करू नका, एवढंच सांगतो.

बहारीनला मनामात उतरून एजंटाच्या कचेरीत पाऊल टाकताच तुम्हाला ओळखीचं काहीतरी लागतं: कारकून हिंदुस्थानी, गल्ल्यातले रुपये हिंदुस्थानचे, पाकिटावरचं तिकीटही तुमच्या आजोबांच्या पत्रांवर असायचं तेच. प्रश्न सुरू होतात. नाव? वय? बाप कोण, आई कोण? कुणी धरलं, कुणी कुणाला विकलं? ती बलुची वळणाच्या अरबीत सांगते, मुनशी ऐकतो, कारकून इंग्रजीत उतरवतो. गावाचं नाव या तिघांमधून जाताना तीनदा बदलतं. वय अंदाजाने टाकतात. आईचं नाव मात्र ती दोनदा सांगते, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवतात आणि ती तो ओढणीला पुसते.

कागद इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरला, इंग्रज रेसिडेन्सीकडे मंजुरीला जाणार. इकडे धन्याचं म्हणणंही येतं: ही घरचीच, हिचं काही ऐकू नका. दोन्ही म्हणणी एकाच फायलीत टाचली जातात. मंजुरी आली तर तिला गुलामीतून सुटल्याचा इंग्रजी-अरबी दाखला मिळेल. कतारात गुलामगिरी कायद्याने संपायला 1952 उजाडायचंय.

आता परत या. दोह्यात बिन जेलमूद हाउस या संग्रहालयात गुलामांचा हा इतिहास मांडलाय, तो आधी बघा. अशा जबान्यांच्या फायली ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि 2014 पासून कतार डिजिटल लायब्ररीत घरबसल्या वाचता येतात. पणजीचं नाव टाकून काही सापडलं नाही तर खचू नका. कारकुनाने ते कसं ऐकलं असेल, तसं चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा. मग धन्याचं नाव टाका, मग मकरानच्या गावाचं. फाईल उघडली की धन्याचं पत्र नीटनेटकं, शिक्क्यासकट समोर येईल आणि खरं वाटू लागेल. ते बाजूला ठेवा. ते तिला परत मिळवायला लिहिलेलं आहे. अंगठ्याचा कागद आधी वाचा, आणि त्यात आईचं नाव आलं की ते घरच्या वंशावळीत तिच्या नावाच्या वर लिहा.