मेकॅनो, डायनॅमो आणि विहिरीचं पाणी

परवाच्या वीकांताला गावी, तुडीलला गेलो आणि लेन्सच्या सोल्यूशनची बाटली पुण्यातच राहिली. म्हटलं, विहिरीचं पाणी उकळू, चिमूटभर मीठ टाकू, झालं सलाईन! आजी तर पाणी ठेवायला उठलीसुद्धा.

तशी सॉफ्ट लेन्स जन्माने घरगुतीच आहे बरं का. १८८८च्या सुमारास फिकने बनवलेल्या लेन्स काचेच्या होत्या; तासा-दोन तासांत डोळे रडकुंडीला यायचे. मग १९६१च्या नाताळात ओट्टो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलाचा मेकॅनोसारखा खेळ घेतला, त्याला सायकलचा डायनॅमो जोडला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर गरागरा फिरवून मऊ लेन्स पाडल्या. (आणि आम्हाला डेव्हलपमेंटसाठी वेगळा सर्व्हर लागतो!) १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

गंमत त्या मटेरियलची. ते पाणी पितं. पहिल्या लेन्समध्ये जवळजवळ ३८ टक्के पाणीच होतं. म्हणून ती डोळ्याला टोचत नाही. पण पाण्यातलं बाकीचंही तिला चिकटतं. अकांथअमीबा हा जीव विहीर, नळ, नदी कुठेही असतो. बुबुळात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. १९८०च्या दशकात अमेरिकेत असे रुग्ण वाढले, तेव्हा त्यातले बरेच जण मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच सलाईन करत होते असं निघालं. म्हणजे माझीच आयडिया! पाणी उकळलं तरी भांडं, हात, डबी थोडीच निर्जंतुक होतात?

लेन्स काढून टाकून दिल्या. मंथली होत्या, जीव हळहळला. बॅगेत जुन्या नंबरचा चष्मा होता, त्यावर दोन दिवस काढले. समोरचे डोंगर धूसरच दिसले.